मुशैरिबच्या बाल्कनीत स्पिरुलिना

अर्धा चौरस मीटर पृष्ठभागाचा, ६० लिटर पाण्याचा टब नीट सांभाळला, तर हवा अनुकूल असताना त्यातून दर चार दिवसांनी सुमारे १० ग्रॅम कोरडी स्पिरुलिना निघते. त्या १० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे चार दिवसांच्या राखणीनंतर एका अंड्याइतकी. हा हिशेब आधीच मांडतो, कारण ‘घरच्या घरी प्रथिनांची शेती’ अशा जाहिराती पाहून दोहातली काही मराठी घरे टब, पंप आणि हिरव्या पाण्याची बाटली घेऊन मोकळी होतात आणि महिन्याभरात वैतागतात. ६० किलो वजनाच्या माणसाला भारतीय शिफारशीनुसार दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ती सगळी स्पिरुलिनातून काढायची म्हटली, तर एका माणसामागे १६-१७ चौरस मीटर हिरवे पाणी हवे. एवढी बाल्कनी दोहाच्या मुशैरिबमध्ये कोणाकडे आहे? आणि असली, तरी रोज इतकी स्पिरुलिना खाणे शहाणपणाचे नाही. ते का, हे पुढे येईलच.

तरीही हा खटाटोप करावा असे मला वाटते. फक्त तो वरणाला पर्याय म्हणून नव्हे, तर वरणभाताच्या जोडीला चमचाभर ताजे काहीतरी म्हणून करावा. परसात कोथिंबीर लावतो तसा. दुसरे कारण या देशाचे आहे. कतारमध्ये नदी नाही, पाऊस नावापुरता, जमीन खारट आणि भूजल उपसून खालावलेले. खाण्याचे बहुतेक सगळे बाहेरून येते. जून २०१७ मध्ये शेजारी देशांनी सीमा बंद केल्या, तेव्हा दुधासाठी गाई विमानाने आणाव्या लागल्या होत्या, हे इथे त्या वेळी असलेल्यांना आठवत असेल. अशा ठिकाणी सुपीक माती न मागणारे, खारे पाणी चालणारे आणि मूळ-खोड-सालीत काहीही वाया न घालवता सगळेच्या सगळे खाता येणारे पीक म्हणजे सूक्ष्मशैवाल. तूरडाळीत शंभर ग्रॅममागे २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. वाळलेल्या स्पिरुलिनात ५५ ते ७०.

कतार विद्यापीठात याच विषयावर शैवाल तंत्रज्ञानाचा स्वतंत्र कार्यक्रम गेली अनेक वर्षे चालू आहे. या वाळवंटातून आणि किनाऱ्यावरून गोळा केलेल्या सूक्ष्मशैवालांचा आणि सायनोबॅक्टेरियांचा संग्रह त्यांनी जपला आहे. उष्णता आणि खारटपणा सोसणाऱ्या स्थानिक जातींवर त्यांचा भर आहे आणि तो योग्यच आहे, कारण बाहेरून आणलेली नाजूक जात इथल्या जुलैत टिकत नाही. मुशैरिबहून लाल मार्गाची मेट्रो थेट विद्यापीठाच्या स्थानकाला जाते. तिथे सार्वजनिक व्याख्यान किंवा खुला दिवस असेल, तर मुलांना घेऊन जरूर जा. माझा अंदाज असा की आखातात सूक्ष्मशैवालाचे खरे भवितव्य घरगुती टबात नसून माशांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात आहे. वायूउद्योगाचा कार्बन डायऑक्साइड, समुद्राचे पाणी आणि रिकामे माळरान हे तिन्ही या देशाकडे मुबलक आहे. पण त्याला कारखाना लागतो. आपण आपल्या टबाकडे वळू.

लोणारचे पाणी टबात

सूक्ष्मशैवालांच्या हजारो जाती आहेत. घरी करायची असेल, तर स्पिरुलिनाच करा. काटेकोरपणे पाहिले तर ती शैवाल नव्हे, निळा-हिरवा जिवाणू आहे. शास्त्रज्ञ तिला आर्थ्रोस्पिरा म्हणतात. क्लोरेलाही पौष्टिक आहे, पण तिच्या पेशीची भिंत इतकी चिवट की ती फोडल्याशिवाय पोटाला फारसे काही मिळत नाही. शिवाय ती इतकी बारीक असते की कापडातून सरळ निघून जाते आणि वेगळी करायला सेंट्रिफ्यूज लागतो. स्पिरुलिनाच्या पेशीला सेल्युलोजची भिंत नसते. तिचे मळसूत्री धागे मिलिमीटरच्या काही दशांशांइतके लांब असतात, त्यामुळे दाट विणीच्या नायलॉन कापडावर ते अडकतात.

तिसरे कारण सगळ्यांत महत्त्वाचे. स्पिरुलिनाला अतिशय अल्कधर्मी पाणी आवडते, पीएच ९ ते १०.५ असे. अशा पाण्यात इतर बहुतेक सूक्ष्मजीव तग धरत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी असेच आहे. उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या त्या खळग्यातल्या खारट, सोडायुक्त पाण्यात स्पिरुलिना आपोआप वाढते आणि पाण्याला हिरवा रंग देते. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले होते, तो प्रताप मात्र वेगळ्या, मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. आफ्रिकेत चाड सरोवराच्या परिसरातल्या डबक्यांतून तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या हेच हिरवे दाट पाणी गाळून, वाळूवर वाळवून त्याच्या वड्या करतात. ‘दिहे’ म्हणतात त्याला, आणि रस्स्यात घालून खातात. मेक्सिकोत तेस्कोको सरोवरातून अ‍ॅझ्टेक लोकही अशीच वस्तू काढून बाजारात विकत, असे सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश बखरकारांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे हे काही प्रयोगशाळेत जन्मलेले अन्न नाही. भारतात १९७० च्या दशकापासून म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आणि चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने गावपातळीवर ती पिकवण्याच्या पद्धती बसवल्या. आज आपण घरी जे करतो, त्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे.

लोणारचे नाव घेतले म्हणून सुट्टीत तिथे जाऊन बाटली भरून आणू नका. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर पाणथळही आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी निसर्गातल्या पाण्यात स्पिरुलिनासोबत विषारी निळे-हिरवे जिवाणूही असू शकतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच हिरवे.

हंगाम ओळखा

दोहात ऊन भरपूर, तेव्हा शेवाळ जोरात वाढणार, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा. स्पिरुलिनाला ३० ते ३५ अंशांचे पाणी मानवते. ३८ च्या पुढे ती त्रासते आणि ४२-४३ ला संपते. जून ते सप्टेंबर इथल्या बाल्कनीत उथळ टबातले पाणी दुपारी सहज त्याच्या वर जाते. घराच्या छतावरच्या टाकीतून येणारे ‘गार’ पाणीसुद्धा त्या दिवसांत अंग पोळते. लोक गिझर बंद करून त्यातलेच पाणी गार म्हणून वापरतात, ते उगाच नाही. उलट जानेवारीत रात्रीचे तापमान १३-१४ अंशांवर येते आणि २० अंशांच्या खाली स्पिरुलिना जवळजवळ थांबते.

म्हणून आपल्या पंचांगाने सांगायचे, तर घट बसले की तयारी सुरू करा आणि अक्षय्य तृतीयेला बाहेरचा टब आवरा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे सुगीचे दिवस. डिसेंबर-जानेवारीत मत्स्यालयात वापरतात तो पाण्यातला हीटर ३० अंशांवर लावून काम चालते. उन्हाळ्यात टब घरात घ्यायचा म्हणाल, तर एसी २४ वर असतो, म्हणजे बाहेर ४५ अंश असताना आत हीटर लावण्याची वेळ येते! वीज जाळून प्रथिने काढायची तर मग टिकाऊ शेतीची भाषा कशाला? उन्हाळ्यात फक्त बीज जिवंत ठेवावे. त्याबद्दल शेवटी.

मुशैरिबची रचना इथे नीट समजून घ्यावी लागते. जुन्या मुशैरिबच्या जागी उभे राहिलेले हे ३१ हेक्टरांचे नवे नगर सावलीसाठीच आखले आहे. रस्ते अरुंद, इमारती जवळजवळ, भिंती जाड, झरोके खोल, आणि उत्तरेचा वारा आत येईल अशी मांडणी. चालणाऱ्या माणसाला ही कृपाच आहे. टबाला ती निम्मी कृपा आणि निम्मी अडचण. ऑक्टोबरमध्ये अशी बाल्कनी उत्तम, कारण कोवळ्या पिकाला थेट ऊन सोसत नाही. डिसेंबरमध्ये मात्र सूर्य खाली उतरतो, समोरच्या इमारतीची सावली दिवसभर पडते आणि पाणी हिरव्याचे पिवळसर होऊ लागते. टब ठेवण्याआधी त्या जागी ऊन किती वाजता येते आणि जाते, हे पाहून ठेवा. चार-पाच तास ऊन किंवा दिवसभर लख्ख उजेड मिळत असेल तर ठीक. नसेल तर साधा पांढरा एलईडी दिवा १२ तास लावा. शेजारच्या अस्मखसारख्या जुन्या वस्त्यांत गच्चीवर ठेवणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी आहे. त्यांनी निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी ताणलीच पाहिजे. थंड सकाळी पाणी गारठलेले असताना अंगावर थेट कडक ऊन, हे मिश्रण स्पिरुलिनाला दुपारच्या उकाड्याइतकेच घातक असते, हेही लक्षात असू द्या.

बाल्कनीत काय ठेवावे याचे नियम इमारतीगणिक निराळे आहेत. जिथे कपडे वाळत घालायलाही हरकत घेतात तिथे हिरव्या पाण्याचा टब कोणाच्या डोळ्यांवर येईल, हे सांगायला नको. आधी विचारून घ्या. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो वजन, तेव्हा ते डळमळीत स्टूलावर नको, जमिनीवरच.

पाणी, सोडा आणि विरजण

भांडे उथळ आणि पसरट हवे, पाण्याची खोली १२ ते १५ सेंटिमीटर. खाद्यपदार्थांसाठीचा प्लास्टिकचा टब किंवा स्टेनलेस स्टीलचे भांडे चालेल. तांबे, पितळ, जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे घमेले मुळीच नको. स्पिरुलिना धातू शोषून घेते आणि ते धातू मग आपल्या पोटात येतात. याच कारणाने शेतीच्या दुकानातली खते वापरू नका. अन्नासाठीच्या किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाची रसायने घ्या.

पाण्याच्या बाबतीत दोहाकर नशीबवान आहेत. इथले नळाचे पाणी समुद्राचे गोडे केलेले असते, त्यात बोअरच्या पाण्यासारखा चुना नसतो. चुना जास्त असला की अल्कधर्मी पाण्यात त्याचा पांढरा गाळ बसतो आणि तो स्पिरुलिनात मिसळतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना हेच करायचे असेल, तर त्यांनी शुद्धीकरण यंत्राचे पाणी घ्यावे. इथे नळाचे पाणी उघड्या बादलीत हवेचा पंप लावून दिवसभर ठेवले, म्हणजे निर्जंतुकीकरणाचा अंश उडून जातो.

आता त्यात काय घालायचे. एका लिटरला ८ ग्रॅम खायचा सोडा, ५ ग्रॅम साधे समुद्री मीठ, २ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, १ ग्रॅम पोटॅशियम सल्फेट, ०.२ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, ०.१ ग्रॅम अमोनियम फॉस्फेट आणि चिमटीतही धरता येणार नाही इतके थोडे लोह. खायचा सोडा म्हणजे बेकिंग पावडर नव्हे. पावडरीत आम्ल आणि पिठूळ असते. बाकीची यादी बघून घाबरू नका, कारण स्पिरुलिना विकणारे बहुतेक जण तयार पोषक मिश्रणाची पुडीही देतात आणि नवख्याने तीच घ्यावी. पोटॅशियम नायट्रेट भारतातून बॅगेत घालून आणण्याचा विचारही करू नका. ते ज्वलनाला मदत करणारे रसायन आहे, विमानात नेण्यास मनाई आहे. मेसईदला जगातल्या मोठ्या युरिया कारखान्यांपैकी एक असल्यामुळे ‘युरिया घालू का?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. जाणकार लोक अगदी थोडा युरिया रोज मोजून घालतात. जास्त पडला की अल्कधर्मी पाण्यात त्याचा अमोनिया होतो आणि एका रात्रीत टब पांढरा पडतो. पहिल्या हंगामात त्या वाटेला जाऊ नये.

बीज जिवंतच लागते. सुपरमार्केटमधली हिरवी पावडर किंवा गोळ्या पाण्यात टाकून काहीही उगवत नाही. भारतात दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी निळ्या-हिरव्या शैवालांचे अधिकृत संग्रह आहेत, पण जिवंत द्रव सीमेपलीकडे न्यायचा तर दोन्हीकडचे नियम विचारूनच. ओळखीच्या पिकवणाऱ्याकडून लिटरभर बीज मिळाले तर सर्वांत सोपे. दुधाला विरजण लावतो, तसेच हे काम. मात्र इथे सगळे दूध एकदम ओतायचे नाही. लिटरभर बीजात लिटरभर नवे पाणी घाला, रंग पुन्हा गडद होऊ द्या, मग दोनाचे चार, चाराचे आठ. साधारण तीन-चार दिवसांनी एकदा दुप्पट. अशा सहा पायऱ्यांत ६४ लिटर होतात. घटस्थापनेला बाटली आणली, तर दिवाळीच्या आसपास टब भरतो. घाई केली तर दोन गोष्टी बिघडतात. विरळ पाण्यात उजेड खोलवर शिरून कोवळे धागे जळतात. आणि ताज्या सोड्याच्या पाण्याचा पीएच जेमतेम सव्वाआठ-साडेआठ असतो, त्यात भलत्या हिरव्या शैवालाला आयती जागा मिळते. जुन्या पाण्यातली अल्कता हेच पिकाचे कुंपण आहे.

रोजचे काम फार नाही. दिवसातून चार-पाच वेळा लाकडी किंवा प्लास्टिकच्या उलथन्याने हळुवार ढवळा, कारण स्पिरुलिना वर तरंगून साय धरते आणि खालची उपाशी राहते. मत्स्यालयाचा छोटा हवेचा पंप असेल, तर हे काम तोच करतो. तो पाळीव प्राण्यांच्या कुठल्याही दुकानात मिळतो. जोरात फिरणारा पाण्याचा पंप नको, धागे तुटतात. रवीही नको. वरून पारदर्शक झाकण किंवा बारीक जाळी असू द्या. शमाल वारा सुटला की इथली धूळ बंद खिडकीतूनही येते. बाष्पीभवनाने हिवाळ्यातही उघड्या टबातले दिवसाला एखाद-दोन लिटर पाणी जाते, तेवढे साधे पाणी घालत राहा. पाणी जाते, क्षार मागे उरतात, म्हणून भर घालताना पोषक मिश्रण घालायचे नाही.

पीएचच्या कागदी पट्ट्या आणि थर्मामीटर ही दोन साधने हवीतच. पीएच ९ च्या खाली गेला तर कुंपण मोडले, पावणेअकराच्या वर गेला तर कार्बन कमी पडतो आहे. तेव्हा हवेचा पंप वाढवा किंवा थोडा सोडा घाला. तिसरे साधन मी आग्रहाने सांगेन, ते म्हणजे सूक्ष्मदर्शक. स्टॅनफर्डमधले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांनी बनवलेला कागदी ‘फोल्डस्कोप’ १४० पट मोठे करून दाखवतो आणि स्वस्त आहे. आठवड्यातून एकदा एक थेंब पाहायचा. स्प्रिंगसारखे वळलेले धागे दिसले पाहिजेत. गोल हिरवे ठिपके, आखूड सरळ काड्या, फिरणारे किडे यांची गर्दी दिसली, तर ते पाणी खाण्यासाठी नाही. वासही सांगतो. निरोगी टबाला हलका, शेतातल्या ओल्या गवतासारखा वास असतो. कुजका वास आला, फेस चिकट झाला, रंग तपकिरी झाला, तर मोह न धरता सगळे फेकून द्या. ते कुंड्यांमध्ये मात्र ओतू नका. सोडा आणि मीठ झाडे मारते. मोरीत भरपूर पाण्याबरोबर सोडून द्या.

काढणी आणि ताटात

एका काडीच्या टोकाला बाटलीचे पांढरे टोपण आडवे लावा, पाण्यात बुडवा आणि ते कितव्या सेंटिमीटरला दिसेनासे होते ते पाहा. दोन-तीन सेंटिमीटरला दिसेनासे झाले की पीक तयार. चारच्या पुढे दिसत असेल तर थांबा. काढणी पहाटे करा. रात्रभर साखर वापरली गेलेली असते, त्यामुळे सकाळच्या स्पिरुलिनात प्रथिनांचे प्रमाण जास्त भरते, आणि हवाही गार असते.

हात, भांडी स्वच्छ धुऊन टबातले एक-तृतीयांश, म्हणजे २० लिटर पाणी आधी साध्या चहाच्या गाळणीतून आणि मग ३० ते ५० मायक्रॉनच्या नायलॉन कापडातून गाळा. खाली पडलेले पाणी टबात परत. कापडावर गडद हिरवा लगदा उरतो. तो थोड्या गोड्या पाण्याने धुऊन, कापडात बांधून, चक्क्यासारखा पण हाताने दाबून निथळवा. साधारण ५० ग्रॅम ओला गोळा मिळेल, त्यात १० ग्रॅम कोरडा ऐवज असतो. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून १० ग्रॅम स्पिरुलिना काढली की टबातून १ ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन गेला. तो भरून काढायला ७ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि त्याच बेताने बाकीची पोषकद्रव्ये घालायची. काढत राहिलो आणि घातले नाही, तर पीक आधी फिकट होते, मग थांबते. फुकट काहीच उगवत नाही, वाळवंटात तर नाहीच.

ओला गोळा ताजाच खाणे सर्वांत उत्तम. त्याला चव जवळजवळ नसते. बाजारच्या पावडरीचा तो माशांच्या टोपलीसारखा वास वाळवण्यात आणि साठवण्यात येतो. फ्रीजमध्ये दोन दिवस, फ्रीझरमध्ये काही आठवडे टिकतो. वाळवायचाच असेल, तर आपल्या घरात त्यासाठी नेमके साधन आधीच आहे. सोऱ्या! बारीक शेवेची ताटली लावून स्वच्छ जाळीवर शेव पाडा आणि सावलीत, पंख्याखाली वाळवा. थेट उन्हात रंगद्रव्ये जळतात. कडक होऊन तुटायला लागली की घट्ट झाकणाच्या काळ्या बरणीत भरा.

खाण्यात ती कुठे जाईल? कोथिंबीर-पुदिन्याच्या चटणीत कळतही नाही. ताकात जिरेपूड-मिठासोबत छान लागते. काकडीच्या कोशिंबिरीत, पालकाच्या पुरीच्या पिठात, थालिपिठात घालता येते. प्रथिने तव्यावर नाहीशी होत नाहीत, पण निळे रंगद्रव्य आणि काही जीवनसत्त्वे उष्णतेने जातात, म्हणून गार पदार्थांना पहिली पसंती. वरणात घालून उकळू नका, रंगही जातो आणि घरचे वरणही खात नाहीत. उपवासाला चालते का, असे एका आजींनी विचारले होते. शास्त्रात उल्लेख नाही, त्यामुळे निर्णय ज्याच्या त्याच्या सासूबाईंवर.

प्रमाण मोठ्या माणसाला दिवसाला ३ ते ५ ग्रॅम कोरडी, म्हणजे चहाचा एखादा चमचा. सुरुवात त्याच्या पावपटीने. ५ ग्रॅममध्ये ३ ग्रॅम प्रथिने, म्हणजे अर्धा कप दुधाइतकी. लोह आणि बीटा-कॅरोटिन मात्र प्रमाणाच्या मानाने चांगले असते. अधिक खाऊ नये, कारण तिच्यात न्यूक्लिक आम्ले असतात आणि त्यांचे युरिक आम्ल होते. गाऊट किंवा मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी दूर राहावे. फिनाइलकीटोन्यूरिया असलेल्यांना ती वर्ज्य आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. तान्ह्या मुलांना घरची स्पिरुलिना देऊ नका.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट ठळकपणे. ‘स्पिरुलिनात भरपूर बी-१२ असते’ असे डब्यांवर लिहिलेले आढळते. त्यातले बहुतेक बी-१२ सारखे दिसणारे पण माणसाच्या शरीराला उपयोगी न पडणारे रूप असते. आपल्याकडे बी-१२ ची कमतरता सर्रास आहे, आणि स्पिरुलिना सुरू केली म्हणून दही किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करणे हा धोका आहे. हाच मुद्दा मला सगळ्या लेखात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टब जमला नाही तर नुकसान साठ लिटर पाण्याचे. बी-१२ च्या कमतरतेने होणारी इजा मज्जातंतूंना होते आणि वेळेत लक्षात आली नाही तर कायमची राहू शकते.

ज्यांना गोडी लागेल ते पुढे पीक विकण्याचा विचार करतील. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मित्रांना चाखायला देणे वेगळे आणि पैसे घेऊन विकणे वेगळे. खाद्यपदार्थ विकायला इथे परवाना लागतो. शिवाय विकाऊ स्पिरुलिनाची जड धातू, जंतू आणि सायनोबॅक्टेरियांच्या विषांसाठी प्रयोगशाळेत तपासणी झालीच पाहिजे. ती चाचणी घरच्या टबाच्या उत्पन्नात बसत नाही.

मे उजाडला की टबातले सगळे पीक गाळून घ्या, टब धुऊन कोरडा करून उलटा ठेवा. दोन लिटरभर बाटल्यांत गडद बीज भरून, तोंडाला मलमल बांधून, एसीच्या खोलीत खिडकीच्या आतल्या बाजूला, थेट ऊन न लागेल अशा उजेडात ठेवा. २४ अंशांना ते फारसे वाढणार नाही, पण मरणारही नाही. दिवसातून एकदा बाटली हलवायची आणि दर तीन आठवड्यांनी निम्मे ओतून तेवढे नवे पोषक पाणी घालायचे. जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक मराठी घरे सुट्टीला गावी जातात आणि जाताना एसी बंद करतात. बंद घर चाळिशीपार तापते आणि परत आल्यावर बाटलीत पांढरे पाणी मिळते. म्हणून दोन बाटल्या दोन वेगळ्या घरांत ठेवा, आणि दुसरे घर त्या महिन्यांत दोहातच राहणाऱ्या कोणाचे तरी असू द्या.